‘४००००१’ ही संख्या आहे का?

मुलुंडच्या एखाद्या सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सची रक्कम कशी लिहितात ते आठवा. वहीत ‘१२५०/-’, पावतीवर ‘रु. १,२५०.००’, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी विचारलंच तर ‘साडेबाराशे’. वाचणाऱ्याला तिन्हीकडे एकच रक्कम कळते. संगणकाला रक्कम वगैरे काही कळत नाही. त्याच्या हाती येते ती एकामागून एक ठेवलेल्या चिन्हांची रांग. या रांगेला प्रोग्रॅमिंगमध्ये स्ट्रिंग म्हणतात.

फॉर्ममधून, कीबोर्डवरून, साध्या मजकुराच्या फाइलमधून प्रोग्रॅममध्ये जे येतं ते स्ट्रिंग म्हणून येतं. बेरीज करायची तर आधी तिची संख्या करून घ्यावी लागते. ते विसरलं, तर जावास्क्रिप्ट ही भाषा ‘१२५०’ आणि ‘५०’ यांची बेरीज १३०० न देता ‘१२५०५०’ अशी देते, कारण तिच्या लेखी ते दोन मजकूर आहेत आणि मजकूर एकमेकांना चिकटवायचे असतात. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो: ही स्ट्रिंग संख्या आहे का, हे तपासायचं कसं? प्रत्येक भाषेकडे उत्तर आहे. गंमत अशी की दोन भाषांची उत्तरं जुळत नाहीत, आणि कधी कधी एकाच भाषेतली दोन उत्तरंही जुळत नाहीत. माझ्या मते दोष उत्तरांचा कमी आणि प्रश्नाचा जास्त आहे. तो प्रश्नच अर्धवट आहे.

(पुढच्या उदाहरणांतले आकडे इथे देवनागरीत छापले असले, तरी वेगळं सांगितलं नसेल तिथे ते कीबोर्डवर टाइप केलेले इंग्रजी आकडे समजावेत. या फरकाला पुढे बरंच महत्त्व येणार आहे.)

आधी स्ट्रिंगची संख्या होते कशी ते बघू. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, एकाचा ४९, असं करत नवाचा ५७. ‘४०७’ टाइप केलं की आत ५२, ४८, ५५ असे तीन क्रमांक जातात. प्रत्येकातून ४८ वजा केले की उरतात ४, ०, ७. मग डावीकडून सुरुवात करायची. हातात ४ आहेत. पुढचा अंक आला की हातातल्या संख्येला दहाने गुणायचं आणि नवा अंक मिळवायचा. ४ चे झाले ४०, त्यात ० मिळवला. ४० चे झाले ४००, त्यात ७ मिळवले. झाले चारशे सात.

यावरून सर्वांत साधी तपासणी सुचते: प्रत्येक चिन्हाचा क्रमांक ४८ ते ५७ मध्ये आहे ना? असेल तर संख्या. ही तपासणी पहिल्याच दिवशी गडगडते. ‘-५’ मध्ये उणे चिन्ह आहे, ‘१२.५०’ मध्ये टिंब आहे, दोन्ही नापास. आणि काहीच न लिहिलेली रिकामी स्ट्रिंग पास! तिच्यात अंक नसलेलं एकही चिन्ह नाही, म्हणून ‘सगळी चिन्हं अंक आहेत’ हे तर्काने खरंच ठरतं. जावा वापरणाऱ्यांमध्ये अपाची कॉमन्स नावाची तयार साधनांची पेटी लोकप्रिय आहे. तिच्यातली ‘इजन्यूमेरिक’ ही तपासणी जुन्या आवृत्त्यांत रिकाम्या स्ट्रिंगला हो म्हणायची. तिसऱ्या आवृत्तीपासून नाही म्हणायला लागली. म्हणजे नुसती आवृत्ती बदलली आणि उत्तर फिरलं.

बसच्या कपाळावरचे आकडे

बेस्टच्या बसच्या कपाळावर मार्ग क्रमांक देवनागरीत असतो. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असेल तर फॉर्ममध्येही ‘१२५०’ देवनागरीत उमटू शकतं. ही संख्या आहे का? शेंबडं पोरही हो म्हणेल. पण संगणकाच्या दृष्टीने देवनागरी शून्य आणि इंग्रजी शून्य ही दोन वेगळी चिन्हं. जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या यादीत देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५ आहे. ४८ ते ५७ या पट्ट्यात शोधणाऱ्याला हे आकडे सापडायचेच नाहीत.

युनिकोडमध्ये प्रत्येक अंकाशेजारी त्याची किंमतही नोंदलेली असते. पायथॉन या भाषेतली ‘इंट’ ही सोय ती नोंद वाचते, म्हणून देवनागरीतलं ‘१२५०’ दिलं तरी ती बिनतक्रार संख्या करून देते. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, सोबत तिचे अंकही आले. त्यामुळे आजची पायथॉन मोडी अंकसुद्धा वाचते. राज्याच्या पुराभिलेखागारातला एखादा जुना हिशेब कुणी मोडीतच टाइप करून ठेवला, तर बेरजेची सोय आयतीच आहे. जावाची ‘पार्सइंट’ही देवनागरी अंक घेते.

जावास्क्रिप्टची ‘नंबर’ घेत नाही. तिचं उत्तर ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. आणि कहर म्हणजे, याच जावास्क्रिप्टला एखादी संख्या मराठी पद्धतीने दाखव म्हटलं, तर ती देवनागरी आकडे आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम लावून ‘१,२५,०००’ असं नीटनेटकं छापून देते. स्वतः छापलेलं तिला स्वतःलाच वाचता येत नाही. मराठी वेबसाइट बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं: पडद्यावर दाखवलेली रक्कम तिथूनच परत उचलून हिशेबात घ्यायची नाही.

पायथॉनमध्ये त्रास उलटा, उदारपणाचा. तिथे नावाने जवळजवळ सारख्या तीन तपासण्या आहेत: ‘इजडेसिमल’, ‘इजडिजिट’ आणि ‘इजन्यूमेरिक’. पहिली फक्त खऱ्या दशमान अंकांना हो म्हणते. दुसरी, वर्ग दाखवायला डोक्यावर लिहितात त्या लहानशा दोनलाही हो म्हणते. तिसरी तर अर्ध्याच्या चिन्हाला, चिनी लिपीतल्या पाचला, आणि जुन्या हिशेबांत पाव-अर्धा-पाऊण दाखवायला ओढायच्या त्या रेघांनाही हो म्हणते. आता कुणी ‘इजडिजिट’ने तपासून ‘इंट’ने संख्या करायला गेला आणि समोर डोक्यावरचा दोन आला, तर तपासणीत पास आणि रूपांतरात नापास, प्रोग्रॅम तिथेच आडवा. आणि ‘-५’ किंवा ‘१२.५०’ दिलं तर तिघी एकमुखाने नाही म्हणतात, कारण त्या चिन्हं सुटी सुटी बघतात. उणे आणि टिंब हे काही अंक नव्हेत. नावांवरून वाटतं त्यापेक्षा त्यांचं काम फारच लहान आहे.

दोन लाख कोटींचा फ्लॅट

बाकीच्या भाषांच्या तऱ्हाही बघण्यासारख्या आहेत. सी भाषेतली जुनी ‘ए-टू-आय’ ही सोय ‘०’ दिलं तरी शून्य देते आणि ‘वडापाव’ दिलं तरी शून्यच देते, म्हणजे शून्य आलं तर ते खरं की बोगस हे कळायला मार्ग नाही. जावास्क्रिप्टची ‘पार्सइंट’ डावीकडून जमेल तितकं वाचते आणि अडलं की गुपचूप थांबते: ‘१२५०/-’ चे १२५० झाले म्हणून आपण खूश होतो, पण ‘१,२५,०००’ चा ती नुसता १ करते, कारण पहिल्या स्वल्पविरामालाच तिचं वाचन संपतं. सव्वा लाखाचा एक रुपया, आणि चूक झाल्याची कुठे नोंदही नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची ‘इजन्यूमेरिक’ एकट्या डॉलरच्या चिन्हाला, एकट्या टिंबाला, एकट्या उणे चिन्हालाही हो म्हणते. २०१२ च्या आवृत्तीपासून तिथे थेट रूपांतर करून बघणारं ‘ट्राय-कन्व्हर्ट’ आहे. ते वापरावं आणि जुनीचा नाद सोडावा.

माझं आवडतं उदाहरण मात्र फ्लॅटच्या क्रमांकाचं. समजा, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये इमारत २, ई विंग, फ्लॅट १२. कुणीतरी ते इंग्रजी ‘ई’ घालून सलग लिहिलं: ‘२ई१२’. माणसाला हा पत्ता दिसतो. पण शास्त्रीय लेखनात दोन आकड्यांमधला ‘ई’ म्हणजे ‘गुणिले दहाचा इतकावा घात’. म्हणून पायथॉनची दशांश संख्या करून देणारी ‘फ्लोट’, जावास्क्रिप्टची ‘नंबर’, पीएचपी या भाषेची ‘इज-न्यूमेरिक’ आणि एक्सेल, सगळ्यांच्या मते ही शुद्ध संख्या आहे: दोनावर बारा शून्यं, दोन लाख कोटी. मुंबईतले जागांचे भाव धरूनही हे जरा जास्तच झालं.

पीएचपीत पुढचा टप्पाही आहे. तिथे ‘२ई१’ आणि ‘२०’ या दोन स्ट्रिंगची तुलना दोन बरोबर चिन्हांनी केली, तर उत्तर ‘समान’. दोन्ही संख्येसारख्या दिसतात, तर संख्या म्हणूनच तोलू, असा तिचा खाक्या. आणि दोन गुणिले दहा म्हणजे वीस. ई विंगमधल्या पहिल्या फ्लॅटचं बिल वीस नंबरच्या दारात. तीन बरोबर चिन्हं वापरली की ती मजकुराची मजकुराशी तुलना करते आणि हा घोळ टळतो.

एक्सेलच्या या अतिउत्साहापुढे शास्त्रज्ञांनीही हात टेकले आहेत. मानवी जनुकांपैकी काहींची लघुनावं ‘मार्च’, ‘सेप्ट’ आणि पुढे एक आकडा अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० साली जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकांची नावं बदलणं सोपं गेलं, यावर काय बोलणार.

बेरीज करून बघा

शीर्षकातला ४००००१ हा फोर्टचा, जनरल पोस्ट ऑफिसचा पिनकोड. पिनकोड ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी. सहाही चिन्हं अंक आहेत, कुठल्याही भाषेची तपासणी हो म्हणेल. पण त्यात दादरचा ४०००२८ मिळवून बघा. येतात ८०००२९, आणि ८०० ने सुरू होणारे पिनकोड पाटण्याकडचे. फोर्ट अधिक दादर बरोबर पाटणा! ज्याची बेरीज किंवा सरासरी काढण्यात काही अर्थ नाही ते दिसायला संख्या असलं तरी कामाला मजकूर आहे, आणि ते मजकूर म्हणूनच साठवावं. हे एवढं पाळलं तरी या विषयातली निम्मी डोकेदुखी जाते.

नाही पाळलं तर काय होतं, याचा नमुना मुंबईच्या टेलिफोन कोडमध्येच आहे. ०२२ ची संख्या केली की उरतात नुसते २२. हे तरी बरं. सी आणि तिच्या वळणावर गेलेल्या भाषांत सुरुवातीचं शून्य म्हणजे ‘हा आकडा आठच्या पायाने (दहा-दहाच्या नव्हे, आठ-आठच्या पटीत) लिहिला आहे’ अशी खूण असते, आणि त्या हिशेबाने ०२२ म्हणजे अठरा. जावास्क्रिप्टच्या ‘पार्सइंट’मध्येही ही सवय होती. ऑगस्टचा ‘०८’ आणि सप्टेंबरचा ‘०९’ तिला दिला की कित्येक ब्राउझरमध्ये शून्य यायचं, कारण आठाच्या पायात ८ आणि ९ हे अंकच नसतात. जुलैपर्यंत सुरळीत चाललेली वेबसाइट ऑगस्ट उजाडला की बिघडायची. २००९ च्या प्रमाण आवृत्तीत ही खोड काढली. तरी ‘पार्सइंट’ला दहाचा पाया स्पष्ट सांगावा हा सल्ला आजही देतात, आणि तो योग्यच आहे.

मोबाइल नंबरची गोष्ट आणखी वेगळी. दहाही अंक ठीक असले तरी जावाची ‘इंटिजर’वाली ‘पार्सइंट’ तो संख्या नाही म्हणून फेकून देते. कारण ती संख्या ३२ बिटांच्या जागेत बसवायची असते आणि तिथे २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही मावत नाही. आपले मोबाइल नंबर ६ ते ९ या अंकांनीच सुरू होतात, म्हणजे सहाशे कोटींच्या पुढचेच. भारतातला एकही मोबाइल नंबर तिथे बसत नाही. बँकेच्या खाते क्रमांकांचंही तेच: एक्सेल पंधरा अंकांपर्यंतच अचूक राहतं, सोळाव्या अंकाचं शून्य करून टाकतं. सोळा आकडी कार्ड नंबर संख्या म्हणून एक्सेलमध्ये टाकला, की शेवटचा अंक गेलाच.

असल्या क्रमांकांना साचा लावून तपासायचं. पिनकोड: नेमके सहा अंक, पहिला शून्य नको. मोबाइल: दहा अंक, पहिला ६ ते ९. आधार: बारा अंक, पहिला ० किंवा १ नाही, आणि शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून व्हेरहोफ नावाच्या पद्धतीने काढलेला असतो, त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले तरी लगेच पकडता येतं. साचे लिहायला रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात. त्यातली ‘अंक’ ही खूण पायथॉनमध्ये देवनागरी अंकांनाही लागू होते आणि जावास्क्रिप्टमध्ये होत नाही, तेव्हा शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

मग रकमेचं काय करायचं

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन ‘तुम्ही माणूस आहात का?’ असं विचारत नाही, ‘कोणाकडे जायचंय?’ विचारतो. स्ट्रिंगलाही असाच प्रश्न हवा. मेंटेनन्सच्या रकमेसाठी तो असा होईल: ही शून्य ते एक लाखामधली, जास्तीत जास्त दोन दशांश स्थळांची रुपयांतली रक्कम आहे का? एवढं ठरलं की कोड आपोआप लहान होतो.

आधी साफसफाई. पुढच्यामागच्या मोकळ्या जागा काढा. पीडीएफ किंवा वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात साध्या स्पेससारखी दिसणारी पण वेगळ्या क्रमांकाची जागा असते, तीही काढा. ‘रु.’, ‘/-’ आणि स्वल्पविराम काढा. देवनागरी अंक इंग्रजीत बदलून घ्या. हे सगळं आपण ठरवून, डोळे उघडे ठेवून करायचं. भाषेच्या मर्जीवर सोडायचं नाही. खजिनदारांना ‘फक्त इंग्रजी अंक टाका, स्वल्पविराम नको’ असं लाल अक्षरांत दटावणारे फॉर्म मला उद्धट वाटतात. दोन ओळींच्या कोडने जे होतं त्यासाठी माणसाला कशाला राबवायचं? अपवाद परदेशी आकड्यांचा. जर्मनीत स्वल्पविराम आणि टिंबाची कामं आपल्या उलट असतात, तिथलं ‘१.२५०’ म्हणजे साडेबाराशे. अंधेरीत बसून जर्मन बँकेसाठी काम करताना ‘फ्लोट’ला ते दिलं तर सव्वा मिळेल, आणि चूक झाल्याचा इशारा कुठेच नाही. तिथे देश विचारल्याशिवाय स्वल्पविरामाला हात लावू नये.

मग तपासणी वेगळी आणि रूपांतर वेगळं न करता थेट रूपांतर करून बघायचं. जमलं तर संख्या, नाही जमलं तर नाही. पायथॉनमध्ये अपवाद (रूपांतर फसल्याची भाषेने दिलेली सूचना) पकडून, सी-शार्पमध्ये ‘ट्रायपार्स’ने, गो भाषेत सोबत येणारी चूक बघून. आधी एका नियमाने तपासायचं आणि मग दुसऱ्या नियमाने बदलायचं, यातच त्या डोक्यावरच्या दोनसारखे पाहुणे आत शिरतात. पैशांसाठी ‘फ्लोट’ऐवजी ‘डेसिमल’ घ्या किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकच ठेवा.

शेवटी मर्यादा, आणि ती कशी लिहिता याला महत्त्व आहे. पायथॉनच्या ‘फ्लोट’ला किंवा ‘डेसिमल’ला इंग्रजीत ‘नॅन’ किंवा ‘इन्फिनिटी’ असे शब्द दिले तरी ते खुशाल स्वीकारले जातात. यातला ‘नॅन’ विचित्र: तो कुठल्याही संख्येपेक्षा मोठा ठरत नाही, लहान ठरत नाही, स्वतःच्या बरोबरीचाही ठरत नाही. ‘फ्लोट’ वापरून ‘रक्कम लाखापेक्षा मोठी असेल तर नाकार’ असं लिहिलं, तर नॅन सटकतो, कारण तो मोठा नाहीच. ‘रक्कम शून्य ते लाखाच्या आत असेल तरच घे’ असं लिहिलं तर अडकतो. वाक्य तेच वाटतं, पण दाराची कडी दुसऱ्यातच लागते. (‘डेसिमल’मध्ये अशी तुलना केली की सरळ अपवादच फेकला जातो, तोही पकडावा.)

ब्राउझरमधली तयार नंबरची चौकट यातलं काही करत नाही. तिच्यात कित्येक ब्राउझर ‘ई’ हे अक्षर टाइप करू देतात, कारण तिला शास्त्रीय लेखन मान्य आहे. आणि आतला मजकूर तिला संख्या वाटला नाही तर ती प्रोग्रॅमला रिकामी स्ट्रिंग देते. जावास्क्रिप्टची ‘नंबर’ रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य करते. म्हणजे खजिनदारांनी काहीतरी अर्धवट टाइप केलं आणि बिल शून्य रुपयांचं निघालं, असं कुणालाही न दुखवता घडू शकतं. म्हणून रिकामेपणाची तपासणी रूपांतराच्या आधी हवी.

ती करताना खऱ्या शून्याला मारू नका. ज्याने वर्षाचं मेंटेनन्स आगाऊ भरलं आहे त्याची बाकी शून्यच असते. पण पीएचपीत ‘०’ ही स्ट्रिंग ‘रिकामी’ धरली जाते, आणि जावास्क्रिप्टमध्ये संख्या झालेलं शून्य अटीत घातलं की ‘खोटं’ ठरतं. ‘रक्कम असेल तर पुढे जा’ असं सहज लिहून गेलेल्या कोडमुळे त्या सभासदाला ‘कृपया रक्कम भरा’ असा निरोप येत राहतो.